प्रवाहाने घडवलेले मासे : डॉ. सुंदरलाल होरा यांचे नदीवाचन

ऐन पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्याचे गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला उभे राहू देत नाही. पायाखालचे गोटे सरकतात, वाळू निघून जाते, काठावरची झुडपे आडवी होतात. त्याच पाण्यात, त्याच गोट्यांवर, बोटभर लांबीचे मासे राहतात. तिथेच खातात, तिथेच वंश वाढवतात आणि वाहून जात नाहीत. हे त्यांना कसे साधते?

प्रश्न पोरवयातल्या कुतूहलासारखा वाटतो. पण भारतातल्या गोड्या पाण्यातील माशांचे आणि नद्यांच्या परिसराचे आधुनिक शास्त्र ज्यांच्या कामावर उभे आहे, त्या डॉ. सुंदरलाल होरा यांनी हाच प्रश्न आयुष्यभर निरनिराळ्या अंगांनी विचारला. मासा असा का दिसतो, तो इथेच का सापडतो, आणि पाणी अडवले तर त्याचे काय होते, हे त्यांचे तीन प्रश्न. पहिल्याचे त्यांनी दिलेले उत्तर आजही पक्के आहे. दुसऱ्याच्या उत्तरावर पाऊणशे वर्षे वाद चालला आहे. तिसऱ्याचे उत्तर आपल्या नद्याच देत आहेत. एका संशोधकाच्या कारकिर्दीचा हा आलेख पाहण्याचे कारण केवळ चरित्राचे नाही. नदी म्हणजे नुसते पाणी नव्हे, हे भारतात शास्त्राच्या भाषेत कसे सिद्ध होत गेले, त्याची ही गोष्ट आहे. आणि तिचे काही धागे थेट खंडाळा, देवळाली, पुणे आणि मुंबई इथपर्यंत येतात.

लाहोर ते लोकटाक

होरा यांचा जन्म २२ मे १८९६ रोजी पंजाबातल्या हाफिझाबाद इथला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. शिक्षण लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात झाले. १९१९ मध्ये तिथे त्यांची गाठ थॉमस नेल्सन ॲनंडेल यांच्याशी पडली. ॲनंडेल हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे, म्हणजे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे, पहिले संचालक. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे बिऱ्हाड कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्ये होते. ॲनंडेल यांना नुसते नमुने जमवून बाटल्यांत भरणारे सहकारी नको होते. प्राणी जिथे जगतो तिथे जाऊन, त्याच्या जगण्यासकट त्याला पाहणारी माणसे ते शोधत होते. लाहोरचा हा तरुण त्यांनी कलकत्त्याला बोलावून घेतला.

१९२० मध्ये होरा मणिपूरला गेले. लोकटाक सरोवर, त्याला मिळणारे ओढे आणि भोवतालच्या डोंगरांतली मासळी त्यांनी पाहिली, आणि पुढच्याच वर्षी मणिपूरचे मासे व मासेमारी यांवर त्यांचा सविस्तर प्रबंध प्रसिद्ध झाला. नव्या संशोधकाला शिकायला मणिपूरपेक्षा चांगली शाळा मिळाली नसती. या चिमुकल्या प्रदेशाच्या पश्चिम भागातले पाणी बराक नदीवाटे बंगालकडे जाते. मधल्या खोऱ्यातले, लोकटाकचे पाणी मात्र मणिपूर नदीतून चिंदविनला आणि पुढे ब्रह्मदेशातल्या इरावतीला मिळते. डोंगराची एक धार ओलांडली की माणसाच्या दृष्टीने मुलूख तोच राहतो, माशाच्या दृष्टीने मात्र जग बदलते.

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण होरांचा पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे. पक्षी डोंगर ओलांडतो, वाघ खिंडीतून जातो, वनस्पतीचे बी वाऱ्यावर उडते. केवळ गोड्या पाण्यात जगणाऱ्या माशाला यांतले काही जमत नाही. जमीन त्याला भिंतीसारखी आणि खारा समुद्रही भिंतीसारखाच. पाणी जोडलेले असेल तरच तो एका नदीतून दुसरीत जाणार. म्हणून दोन दूरच्या नद्यांत एकाच घराण्याचे मासे सापडले, तर कधीकाळी त्या नद्यांचे पाणी कुठेतरी एकत्र आले होते असे मानावे लागते. मासा हा भूगोलाचा चालताबोलता दस्तऐवज ठरतो तो असा.

प्रवाहाची कारागिरी

होरांचे पहिले मोठे काम डोंगरी प्रपातांतल्या माशांवरचे. खासी टेकड्या आणि हिमालयाच्या पायथ्याचे ओढे त्यांनी पालथे घातले. १९२२ मध्ये प्रपातांतल्या माशांच्या शरीररचनेत होणाऱ्या बदलांवर त्यांचा निबंध आला. १९२७ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वेगवान प्रवाहातल्या जीवसृष्टीवर त्यांनी लिहिले. आणि १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये शंभराहून अधिक पानांचा त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. प्रपातातील प्राण्यांचा परिसर, त्यांची राहणी, त्यांची उत्क्रांती आणि विशेषतः त्यांचे चिकटून राहण्याचे अवयव हा त्याचा विषय होता. नदीच्या वेगाकडे जीवशास्त्रज्ञाच्या नजरेने इतक्या बारकाईने पाहणारे भारतात त्यांच्याआधी फारसे कोणी नव्हते.

प्रपातात राहणे म्हणजे काय, याचा थोडा हिशेब मांडू. वेगवान पाण्याचा फायदा असा की त्यात प्राणवायू भरपूर मिसळलेला असतो. गोट्यांवर शेवाळाचा पातळ थर वाढतो, म्हणजे अन्नही असते. मोठे शिकारी मासे तिथे सहसा टिकत नाहीत. अडचण एकच, पाणी ओढून नेते. तिच्याशी सामना करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सतत जोराने पोहत राहणे. त्यात शक्ती फार खर्च होते. दुसरा म्हणजे तळाला धरून बसणे. दगडाच्या पृष्ठालगत पाण्याचा वेग बराच मंदावतो. जो प्राणी पुरेसा चपटा आहे आणि पुरेसा घट्ट धरू शकतो, त्याला या मंद थराचा आडोसा मिळतो.

होरांनी दाखवले ते असे की या दुसऱ्या मार्गाची किल्ली निरनिराळ्या प्राण्यांना निरनिराळ्या रीतीने सापडली आहे. 'गारा' या माशाच्या खालच्या ओठामागे मांसल तबकडी असते. ती दगडावर टेकवून तो चिकटतो. दख्खनच्या नद्यांत हा मासा सर्रास आढळतो. 'ग्लिप्टोथोरॅक्स' या लहान, मिशाळ माशाच्या छातीवर कातडीच्या घड्यांची चकती असते, आणि त्या घड्या खरबरीत दगडाला धरून ठेवतात. 'बालिटोरा'च्या गोतातल्या माशांनी तर सगळे शरीरच पानासारखे सपाट केले आहे. त्यांच्या छातीचे आणि पोटाचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरतात, आणि अवघा मासाच एक चूषक बनतो.

मासेच कशाला? ईशान्येकडच्या डोंगरी बेडकांच्या काही जातींत शेपटीवाल्या पिल्लांच्या पोटावर चूषक असते. प्रपातांत वाढणाऱ्या एका माशीकुळाच्या अळ्यांना पोटाखाली रांगेने सहा चूषके असतात. तिथल्या कित्येक कीटकांची पिल्ले कागदासारखी चपटी असतात. मासा, बेडूक आणि कीटक यांचे नाते किती दूरचे! पण तेच पाणी आणि तोच वेग त्यांच्या वाट्याला आला आणि उत्तरेही सारखीच निघाली. शास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. निरनिराळ्या वाटांनी निघालेले जीव एकाच गरजेपायी एकाच रूपाकडे वळतात, असा तिचा अर्थ.

बदल फक्त बाहेरून होत नाहीत. बहुतेक माशांच्या पोटात वाताशय, म्हणजे हवेची पिशवी असते. पाण्यात अलगद तरंगण्यासाठी ती उपयोगी पडते. पण ज्याला तरंगायचेच नाही, त्याला ती घातकच. प्रपातातल्या तळवासी माशांत ही पिशवी अगदी लहान झालेली, कित्येकदा हाडाच्या डबीत बंद झालेली आढळते. होरांनी केवळ आकार मोजले नाहीत. त्या आकाराला त्या पाण्यात काय काम आहे, हे प्रत्येक वेळी विचारले.

१९३२ मध्ये त्यांनी 'होमालॉप्टेरा' गटातल्या सपाट माशांवर मोठा ग्रंथ लिहिला. एकाच कुलातले समजले जाणारे हे मासे खरे तर दोन वेगळ्या शाखांतून आले आणि प्रवाहाने त्यांना एकसारखे केले, असे त्यांनी त्यात मांडले. त्या शाखांचे मूळ त्यांनी जिथे धरले होते, ते आज तसेच्या तसे मान्य नाही. पण हे एक कुल नसून दोन आहेत, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष आजच्या वर्गीकरणात टिकून आहे.

खंडाळ्याचा मासा, देवळालीचा मासा

आता हा धागा महाराष्ट्रात आणू. दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद केली ती मुंबई सरकारच्या सेवेतल्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. १८३९ मध्ये त्यांनी दख्खनच्या नद्यांतल्या अनेक माशांना शास्त्रीय नावे दिली. ती देताना नदीकाठी रूढ असलेले शब्द त्यांनी जसे ऐकले तसे रोमन लिपीत उतरवून घेतले. 'खुदरी', 'मुल्या', 'शिंगटी', 'संदखोल' हे शब्द असे लॅटिनच्या पंगतीत जाऊन बसले. दख्खनच्या महसीर माशाचे शास्त्रीय नाव आजही 'टोर खुदरी' आहे. जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ त्याचा उल्लेख करतो तेव्हा मुळा-मुठेकाठचा एक शब्द उच्चारतो.

साइक्स यांच्यानंतर ऐंशी वर्षांनी ॲनंडेल यांनी मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर लिहिले. सातारा आणि पुणे जिल्ह्यांतले मासे त्यांनी १९१९ मध्ये नोंदवले. त्यांत खंडाळ्याचा एक चिमुकला, ओढ्यात राहणारा मासा होता. होरांनी त्याच्या रचनेचा पुन्हा विचार केला आणि १९२१ मध्ये त्याच्यासाठी 'पॅराप्सिलोऱ्हिंकस' ही नवी प्रजाती स्थापन केली. (प्राणिशास्त्राच्या मराठी परिभाषेत 'जाती' ही खालची पायरी, जवळच्या जाती मिळून 'प्रजाती' आणि प्रजाती मिळून 'कुल'.) गुरूने मासा शोधला आणि शिष्याने त्याचे घराणे ओळखले.

पुढे १९३७-३८ मध्ये होरा आणि त्यांचे सहकारी के. एस. मिश्रा यांनी 'देवळालीचे मासे' ही लेखमाला मुंबईच्या त्याच नियतकालिकात लिहिली. तीत दोन मासे शास्त्राला नवे होते. एकाला त्यांनी ए. जी. एल. फ्रेझर यांचे नाव दिले. पुण्याच्या माशांची यादी १९४२ मध्ये छापली ती याच फ्रेझर यांनी. दुसरा मासा खंडाळ्याच्या माशाचा भाऊबंद होता. सोसायटीचे तेव्हाचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांच्या नावावरून तो 'पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटरी' झाला. पुण्याच्या नद्यांतल्या छातीवर चकती असलेल्या एका माशालाही होरांनी १९३८ मध्येच 'ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस' हे नाव दिले. पुणे शहराचे नाव धारण करणारा मासा आहे, हे पुण्यात किती जणांना ठाऊक असेल?

उलट दिशेचेही एक देणे आहे. मुंबई इलाख्याच्या मत्स्यखात्यातले संशोधक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांना इथल्या किनारी पाण्यात एक पारदर्शक, जेमतेम इंचभर लांबीचा विलक्षण मासा सापडला. १९४० मध्ये त्यांनी त्याला 'होराइक्थिस सेटनाय' असे नाव दिले. त्यातला 'होरा' कलकत्त्याचा आणि 'सेटना' मुंबईच्या मत्स्यखात्याच्या प्रमुखांचे. याच कुलकर्णींनी पुढे लोणावळ्याला 'टोर खुदरी'ची कृत्रिम पैदास यशस्वी करण्यात मोठा वाटा उचलला. साइक्स, ॲनंडेल, होरा, कुलकर्णी अशी ही शंभर-सव्वाशे वर्षांची साखळी आपल्या घाटांतल्या पाण्याने जोडलेली आहे.

सातपुड्याचा पूल

होरांचे नाव सर्वाधिक गाजले ते मात्र एका सिद्धान्ताने, आणि त्याच्या केंद्रस्थानी आपला सातपुडा आहे. कोडे असे होते. पश्चिम घाटाच्या, विशेषतः दक्षिण टोकाच्या डोंगरी ओढ्यांत असे अनेक मासे आहेत, की ज्यांचे सर्वांत जवळचे नातलग आसाम, ब्रह्मदेश, मलाया या भागांत राहतात. मधल्या हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांचा मागमूस नाही. सपाटीवरही असे नमुने आहेत. साइक्स यांचा 'संदखोल' गोदावरी-कृष्णेत राहतो, तर त्याच्या प्रजातीतले बाकीचे भाऊबंद थेट आग्नेय आशियात. गोड्या पाण्यातला मासा समुद्र पोहून येत नाही. मग हे इथे आले कसे?

होरांनी १९४४ पासून या प्रश्नाचे उत्तर रचत नेले आणि १९४९ मध्ये ते 'सातपुडा सिद्धान्त' म्हणून मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मेघालयातल्या गारो टेकड्या आणि आजच्या झारखंडातल्या राजमहाल टेकड्या यांच्यामध्ये गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाचे मैदान आहे. ही खिंड भूगर्भीय मानाने अलीकडची. ती इतकी रुंद होण्याआधी डोंगरी मासे ईशान्येकडून या बाजूला येऊ शकले. पुढे विंध्य-सातपुड्याची रांग तेव्हा आजच्यापेक्षा उंच, ओली आणि सलग असावी. हिमयुगांच्या काळात हवामानही अनुकूल असावे. जमीन कलत गेली, एका नदीने दुसरीचा उगमप्रवाह खेचून घेतला, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात ज्याला नदीचौर्य म्हणतात ते घडले. अशा रीतीने एका खोऱ्यातून दुसऱ्यात, ओढ्यामागून ओढा, पिढ्यान्‌पिढ्या हे मासे सरकत सह्याद्रीच्या उत्तर टोकाला लागले आणि घाटाच्या कडेने दक्षिणेला उतरले. नंतर मध्य भारत कोरडा झाला. वाटेतले मासे मेले आणि दोन टोके तेवढी उरली.

कल्पना भव्य होती आणि तिने नुसत्या मत्स्यशास्त्रज्ञांनाच नव्हे, तर सगळ्याच निसर्ग अभ्यासकांना कामाला लावले. १९४९ च्या परिसंवादात डॉ. सलीम अली यांनी पक्ष्यांचा पुरावा तपासला आणि सातपुड्याची रांग हा पक्ष्यांच्या प्रसाराचा राजमार्ग असल्याचे मांडले. हुमायून अब्दुलअली यांनी पूर्व घाटाच्या वाटेकडे लक्ष वेधले. आक्षेपही आले. सातपुड्यावर एवढी उंच, सलग आणि ओली रांग हवी त्या काळी होती, याचा भूगर्भीय पुरावा पुरेसा नाही. शिवाय ज्यांनी हा प्रवास केला म्हणायचे, ते बरेचसे मासे घाटाच्या उत्तर भागात मिळतच नाहीत, दक्षिणेतच एकवटलेले आहेत.

एका हाताने दिले, दुसऱ्याने मागितले

पण खरी अडचण होरांच्या स्वतःच्या घरातून आली होती. आधीच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांनी कष्टाने सिद्ध केले होते की वेगवान पाणी दूरच्या जीवांनाही सारखे रूप देते. आणि सातपुडा सिद्धान्ताचा मुख्य साक्षीदार होता तोच, प्रपातातला मासा. मग आसामच्या आणि केरळच्या ओढ्यांतले मासे सारखे दिसतात ते रक्ताच्या नात्यामुळे, की एकाच पाण्यात घडल्यामुळे? होरांचा भर असा होता की काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत, की त्या दोनदा स्वतंत्रपणे जुळून येणे अवघड. हा तर्क सरसकट खोटा नाही. पण कोणती रचना 'इतकी' गुंतागुंतीची, हे केवळ डोळ्यांनी ठरवायचे असेल तर वाद मिटत नाही.

तो मिटवण्याचे साधन होरांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी आले. जनुकांची तुलना करून नाती तपासता येऊ लागली. त्यातून निघालेले चित्र एकरंगी नाही. काही प्राण्यांत ईशान्येचे नाते खरेच दिसते, पण स्थलांतराचे काळ एक नाहीत. काही गटांत ते हिमयुगांच्या फार आधीचे आहेत, म्हणजे सगळे एकाच पुलावरून एकाच काळी आले नसणार. काही ठिकाणी नात्याचा समजच चुकीचा ठरला. निलगिरीचे काळे वानर पूर्वी आग्नेय आशियातल्या वानरांचे भाऊबंद मानले जाई. प्रत्यक्षात ते आपल्या नेहमीच्या हनुमान वानराच्या जवळचे निघाले. सारखेपणाने अभ्यासकांना चकवले होते.

म्हणजे सिद्धान्त पडला का? जसाच्या तसा तो आज कोणी फारसे मानत नाही. पण पश्चिम घाटातला प्रत्येक नवा जनुकीय अभ्यास प्रस्तावनेत होरांचे नाव घेतो, कारण विचारायचा प्रश्न त्यांनी घालून दिला आहे. शिवाय तो तपासताना लागणारी सावधगिरीही त्यांच्याच १९३० च्या प्रबंधातून शिकायची असते. स्वतःच्या सिद्धान्ताला तोलण्याचा तराजू ज्याने स्वतःच आधी घडवून ठेवला, असे संशोधक विरळा.

पोथ्यांतले पाणी

होरांच्या कारकिर्दीतला एक कोपरा साहित्याच्या वाचकाला विशेष जवळचा वाटेल. १९३५ मध्ये त्यांनी सुश्रुतसंहितेतल्या माशांविषयीच्या विवेचनावर लिहिले. सुश्रुताने माशांचे मांस जड की हलके हे सांगताना नदीतले, तळ्यातले आणि झऱ्यातले मासे वेगळे काढले आहेत. नदीतला मासा तोंड आणि शेपटी चालवून फिरतो म्हणून त्याचा मधला भाग जड, असा कार्यकारणभाव त्याने लावला. वैद्यकाच्या ग्रंथात आलेल्या या ओळींत होरांना स्वतःचाच विषय सापडला : पाणी, हालचाल आणि शरीराचा आकार यांचा संबंध.

पुढे प्राचीन भारतीयांच्या मत्स्यज्ञानावर त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. कौटिल्याचे अर्थशास्त्र आणि काही माशांना अभय देणारा, ठरावीक दिवशी मासे धरण्यास मनाई करणारा अशोकाचा पाचवा स्तंभलेख त्यांनी तपासला. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' मराठी वाचकाला ठाऊक असतो तो जुन्या मराठीचे नमुने जपणारा ग्रंथ म्हणून. त्यातल्या 'मत्स्यविनोद' या प्रकरणात राजाने गळ टाकून मासे धरण्याची विद्या सांगितली आहे. कोणता मासा कुठे राहतो आणि कोणत्या आमिषाला येतो, याची बारीक माहिती तिथे आहे. त्यातल्या संस्कृत नावांमागचे खरे मासे कोणते, हे ओळखण्याचा होरांनी प्रयत्न केला. यात पूर्वजांच्या गौरवाचा सोस नव्हता. जुना निरीक्षक काय पाहू शकला आणि काय नाही, याची मोजदाद होती.

अडवलेले पाणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात होरा बंगाल सरकारच्या मत्स्यखात्याचे संचालक झाले. अभ्यासिकेतला शास्त्रज्ञ आता कोळ्यांच्या, तळ्यांच्या आणि बाजाराच्या प्रश्नांत आला. मत्स्यशेतीवर त्यांनी जमवलेले ज्ञान टी. व्ही. आर. पिल्ले यांनी त्यांच्यासोबत ग्रंथरूपात आणले. होरांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ते पुस्तक प्रसिद्ध केले.

त्याही आधी, १९४० च्या सुमारास, 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी धरणे आणि स्थलांतर करणारे मासे यांवर लिहिले. त्यांच्यासमोर हिलसा होता. आपल्या किनाऱ्यावर याला पाला म्हणतात. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत शेकडो किलोमीटर वर चढतो. वाटेत भिंत आली की पिढी खुंटते. पाश्चात्त्य देशांत सॅमन माशासाठी धरणाशेजारी पाण्याच्या पायऱ्या बांधतात. पण सॅमन उसळी मारतो, हिलसा मारत नाही. म्हणजे माशाची शरीररचना न पाहता केलेला उपाय उपाय ठरत नाही. प्रपातातल्या गोट्यांवर बसून शिकलेला धडा इथे राष्ट्रीय धोरणाच्या दारात येऊन उभा राहिला. स्वातंत्र्यानंतरच्या धरणांच्या उत्साहात त्याकडे किती लक्ष गेले, हे पुढच्या इतिहासाने सांगितले आहे. १९७५ मध्ये फराक्काचा बांध सुरू झाला आणि गंगेच्या वरच्या टप्प्यातला, एकेकाळी अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जाणारा हिलसा जवळजवळ दिसेनासा झाला. होरांची पहिली शाळा असलेल्या लोकटाकच्या खाली १९८३ मध्ये इथाईचा बांध झाला. चिंदविनमधून चढून येणाऱ्या माशांची वाट बंद झाली आणि त्यांतले कित्येक सरोवरातून हरवले.

धरणाचा मार फक्त दूर प्रवास करणाऱ्या माशांनाच बसतो असे नाही. घाटातला ओढा अडवला की खळाळाचा डोह होतो. वेग गेला की गोट्यांवर गाळ बसतो. गाळ बसलेल्या दगडावर चूषक धरत नाही, त्यावरचे शेवाळ खाता येत नाही. हजारो पिढ्या लागून जे शरीर वेगासाठी घडले, ते संथ पाण्यात निरुपयोगी होते. त्या जागी तळ्यात वाढणारे, बाहेरून आणलेले मासे येतात. उजनीच्या चिलापीची चव आता सगळ्यांनाच ठाऊक झाली आहे. वरून पाहणाऱ्याला पाणी पूर्वीपेक्षा जास्तच दिसते. मासेही दिसतात. फक्त नदी गेलेली असते.

याद्यांचे मोल

१९४२ मध्ये युद्धाच्या धास्तीने प्राणिसर्वेक्षण संस्थेचा अमोल संग्रह कलकत्त्याहून वाराणसीला हलवण्यात आला. बॉम्बपासून तो वाचला, पण १९४३ मध्ये वरुणा नदीला पूर आला आणि संग्रहाची मोठी हानी झाली. १९४७ मध्ये होरा संस्थेचे संचालक झाले, तेव्हा ती पुन्हा उभी करण्याचे ओझे त्यांच्या खांद्यावर आले. त्याच पदावर असताना, ८ डिसेंबर १९५५ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बाटलीतला मासा आणि छापील यादी यांचे मोल आज वेगळ्याच कारणाने वाढले आहे. २००३ मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या नद्यांचे ताजे सर्वेक्षण जुन्या नोंदींशी ताडून पाहिले आणि 'करंट सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध केले. जुन्या याद्यांतल्या काही जाती आता मिळत नाहीत आणि बाहेरच्या काही आल्या आहेत, हे त्यातून पुढे आले. फ्रेझर, होरा आणि मिश्रा यांनी १९४२ मध्ये पुण्याचे मासे लिहून ठेवले नसते, तर काय हरवले हेच कळले नसते. २००४ मध्ये पुण्याच्याच अभ्यासकांनी सगळ्या पश्चिम घाटाचा हिशेब मांडला. तेव्हा गोड्या पाण्यातल्या २८८ जाती मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या ११८ जगात दुसरीकडे कुठेही नाहीत असे दिसले. तेव्हापासून नव्या जातींची भरही पडतेच आहे. काही मासे शास्त्राच्या दारात येत आहेत आणि काही त्याच वेळी मागच्या दाराने निघून जात आहेत.

देवळालीच्या ज्या चिमुकल्या माशाला होरा आणि मिश्रा यांनी प्रेटर यांचे नाव दिले, तो आज जागतिक लाल यादीत 'अति संकटग्रस्त' या वर्गात आहे. त्याच्यापुढची पायरी जंगलातून नाहीसे होण्याची. तो खाण्याच्या उपयोगाचा नाही, बाजारात त्याला किंमत नाही, त्याला वाचवा म्हणून कोणी मोर्चा काढणार नाही. पण सह्याद्रीचे पाणी कोणत्या वेगाने, किती लाख वर्षे वाहत आले आणि पूर्वी ते कोणत्या पाण्याशी जोडलेले होते, याची नोंद त्याच्या शरीरात आहे. ती नोंद कशी वाचायची हे होरांनी शिकवले. सातपुड्याचा वाद पूर्ण सुटायचा आहे, आणि तो सोडवायला जी कागदपत्रे लागतील ती घाटातल्या ओढ्यांत, गोट्यांना बिलगून आहेत. ओढा वाहता राहिला तरच ती वाचता येतील.